पाय इथं, पाऊल तिथं

माणसाच्या डोळ्यांवर डबडं चढलं की त्याला वाटतं, आपल्याला आता कुणीच बघत नाही. आम्ही तर समोरच बसलेलो असतो! लातूरच्या ट्यूशन एरियात मी आणि वैभवनं व्हीआरचं दुकान टाकलं, तेव्हापासून किस्से नुसते साचून राहिलेत. काम सोपं. डोळ्यांवर हेडसेट, कमरेला एक सेन्सर, दोन्ही पायांना एकेक. इथं पाय उचलला की आतल्या जगातल्या माणसाचाही उचलला जातो. पडद्यावर आम्हाला सगळं दिसतं.

*

धर्माबादचा एक पोरगा नीटची तयारी करायला आलेला. त्याला बर्फाच्या डोंगरावर सोडलं. जरा चालला आणि फरशीवर आडवाच झाला. पडद्यावरही बर्फात आडवा. वैभव घाबरून जवळ गेला, तर गडी घोरून राहिला! उठवल्यावर म्हणतो, "सर, लई दिवसांनी गार झोप लागली. उद्या नुसतं झोपायला येऊ का?"

आला की. अजूनही येतो.

*

नांदेडला एका कॉलेजात सामान घेऊन गेलो होतो. तिथल्या एक प्राध्यापक बाई आतल्या नदीच्या काठावर उभ्या राहिल्या. हॉल कोरडा ठणठणीत. बाईंनी हळूच निऱ्या वीतभर वर धरल्या आणि पाय टाकला. मागं पडदा बघणाऱ्या पोरींनीपण आपापल्या सलवारी वर घेतल्या. कुणीच हसलं नाही. बाई मधल्या धारेत बराच वेळ उभ्या होत्या.

*

पायाच्या सेन्सरचे पट्टे सारखे सटकायचे. दुकानाखाली बॅगा शिवणारे युसूफचाचा बसतात, त्यांना दाखवले. "पायाला कशाला बांधता? सेन्सर चपलांनाच शिवून देतो," म्हणाले. दिले. आता गिऱ्हाईक आमच्या चपला घालतं.

ट्रायलला चाचांनाच उभं केलं. आतल्या आरशात एक तरणाताठा माणूस.

"हा कोण हाय?"

"तुम्हीच की, चाचा."

चाचांनी पाय हलवला, त्यानंही हलवला. "मंग सांगा त्याला, आपली कंबर दुखून राहिली म्हणावं."

*

त्या दिवशी जाताना चाचा जिन्यात थांबले. "यात आमचं घर होईल का?"

त्यांचं गाव भूकंपात गेलेलं. चाचा तेव्हा कामाला औशाला होते. गावी पोचले तर घराच्या जागी दगडांचा ढीग, आणि त्याखाली त्यांची आई. घराचा फोटो एकही नाही. "एकदा आत जायचंय," म्हणाले. "तवा जाता आलं न्हाई."

वैभवनं त्यांना विचारून विचारून घर उभं केलं. रुंद दगडी भिंती, वर माळवद, दाराशी रांजण, कोपऱ्यात चूल. मला मात्र धाकधूक. त्यांना काही झालं तर?

हेडसेट चढवून चाचा दारापर्यंत गेले आणि थांबले. मग सवयीनं चपला काढल्या, पायानंच शेजारी शेजारी सरळ लावल्या आणि वाकून आत गेले.

सेन्सर चपलांना! पडद्यावर चाचा चुलीपाशी आणि त्यांचे दोन्ही पाय उंबऱ्याबाहेर. वैभवचा हात माउसकडे गेला. मी तो धरला.

चाचा चुलीसमोर खाली बसले.

"अम्मा," म्हणाले, "आया मैं."