टाकीवरचा ससाणा

खोडरबर हे काही त्यांचं नाव नव्हे, कमावलेला किताब! एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचण्यात गेली, त्यामुळे समोरचा माणूस काहीतरी दडवतोय हे त्यांनी आधीच धरलेलं असायचं. निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या ॲपवर हौशी लोकांच्या नोंदी तपासायचं काम हाती आलं, मग तर विचारूच नका. कुणी घुबड लिहिलं की फोटो मागायचे. फोटो दिला की विचारायचे, कधीचा? नाही पटलं की नोंद पुसून मोकळे.

यंदा याच नोंदींवरून नवशिक्यांसाठी यादी निघणार होती. कुठे, किती वाजता, कुठला पक्षी हमखास दिसेल याची. आणि नेमकी तेव्हाच बाजारामागच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांची झोप उडवली. दोन महिने, रोज सकाळी पावणेसातला, पाण्याच्या टाकीवर ससाणा, एक. कधी दोन नाहीत, कधी खाडा नाही!

"पाखरू आहे की पहारेकरी? कुठेतरी पाणी मुरतंय," ते बायकोवर करवादले.

"मग जाऊन बघा ना. माझ्यावर कशाला डाफरताय?"

गेले. उंची कमी करायला एक पँट आणि पिशवीच्या तळाशी दुर्बीण. तिसरा मजला, खिडकीशी शिलाई मशीन, समोर टाकी.

"पक्षी बघता वाटतं?" त्यांनी साळसूदपणे विचारलं.

"नवीनच शिकतेय हो. तो बघा, आत्ताही बसलाय."

भर दुपारी? त्यांनी दुर्बीण लावली. पाठीवरच्या रंगाचे पोपडे निघालेले, पाय तारेनं आवळलेले. कबुतरं हाकलायला बसवलेला प्लॅस्टिकचा ससाणा! त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"बाई, हा कधी उडताना पाहिलात?"

"नाही ना! मलाही शंका आली होती. लिहिणारच नव्हते. पण ॲपवर याच टाकीवरची तीन वर्षांपूर्वीची नोंद आहे, एका जाणकारांची, बरोबरची खूण केलेली. म्हटलं, त्यांनी पाहिलाय म्हणजे आपलीच नजर कच्ची."

खोडरबरांच्या तोंडचं पाणी पळालं. ती नोंद त्यांचीच होती, पार विसरून गेलेली. खालच्या रस्त्यावरून नुसतं डोकं आणि छाती दिसली होती, आणि खूणही त्यांनीच केली होती. त्यांना कोण विचारणार? आता बाईंच्या साठ नोंदी 'नवशिक्याची चूक' म्हणून पुसल्या, आपली गुपचूप काढली, तर कुणाला पत्ताही लागला नसता. मनात हे आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"तुमच्या दुर्बिणीतून नीट दिसत असेल. खरा आहे ना?"

त्यांनी दुर्बीण बाईंच्या हातात दिली. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"अगंबाई, पायाला तार आहे की!" त्या हसल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मी दोन महिने खोटंच लिहीत होते. पण मग ते जाणकार?"

"ते मीच," खोडरबर म्हणाले. "मीही त्याला उडताना पाहिलं नव्हतं."