दिव्याला फुंकर नको

जर्मनीत शिकणारी माझी लेक सहा महिन्यांच्या एक्स्चेंजवर पोलंडला गेली. एकदा फोनवर म्हणाली, "इथे सगळे स्वतःला युरोपचे म्हणवतात. मी कुठली गं, आई?" जन्म कुवेतचा, पासपोर्ट भारताचा.

तिच्या वाढदिवसाला मी कुवेतमधल्या जाब्रियाहून व्हिडिओ कॉलवर औक्षण करवून घेतलं. तिच्या स्पॅनिश मैत्रिणीने छान ओवाळलं आणि लगेच जमलेली सगळी पोरं गाल फुगवून निरांजनावर वाकली. मी ओरडलेच, "फुंकू नका रे! आपोआप शांत होऊ दे!"

लेकीने त्यांना इंग्रजीत समजावलं. चार देशांची ती पोरं दिव्याभोवती गुपचूप बसून राहिली. शेवटी मलाच राहवेना. "कापा आता केक," म्हटलं.

लेक म्हणाली, "थांब ना आई, अजून जळतोय."