खुशालभाऊंची बिल्ड

चंद्रपुरात २००७ साली संगणकाचं जेवढं ज्ञान होतं, त्यातलं निम्मं खुशालभाऊंकडे होतं, असं खुद्द खुशालभाऊंचं मत होतं. मूल गावच्या राइस मिलवाल्यांसाठी वजनकाट्याचे प्रोग्राम बनवणाऱ्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात ते सर्वांत जुने. प्रोग्रामचे तुकडे जोडायचे कसे, म्हणजे बिल्ड करायची कशी, त्या सूचनांची फाइल त्यांनीच लिहिलेली. तिला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

मग मालक राजदीपसाहेबांनी दोन कोअरचं मशीन आणलं अन् हुकूम सोडला, "आता दोन कामं संगंच चालवा." तेव्हापासून बिल्ड अडायला लागली. म्हणे, धानाच्या दरांची फाइल सापडत नाही. जाऊन पाहावं, तर फाइल जागेवर हजर! भाऊंनी निदान न करताच औषध दिलं: "दुसऱ्यांदा चालव, होते." आणि खरंच व्हायची. भाऊंचा मान आणखी वाढला.

खापर फुटलं नंदिनीवर. राजुऱ्याहून रोज एसटीनं येणारी, अजून पक्की न झालेली. "तू आल्यापासून हे सुरू झालं," साहेब म्हणाले. "शुक्रवारी नवे मिलवाले येऊन राह्यले. त्यांच्यासमोर अडली, तर तू घरी." नवं मशीनही त्याच आठवड्यात आलं होतं, पण ते महागाचं, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा!

नंदिनी रडत बसली नाही. बिल्डनं बनवलेल्या सगळ्या फाइली पुसून तिनं पुन्हा चालवली. अडली. परत पुसून चालवली, परत अडली.

"भाऊ, दरांची फाइल बिल्डच बनवते," ती म्हणाली. "ती बनून राह्यली असतानाच दुसरं काम तिले मागते. दुसऱ्यांदा होते, कारण पयल्या वेळची फाइल तिथं पडूनच असते. इकडे धान कांडणं सुरू, तिकडे पोतं शिवायले बसले. आधी कोणतं, हे तुमच्या सूचनेत लिहिलंच नाई."

एकेक काम चालायचं, तेव्हा ओळींच्या क्रमानं निभावून जायचं. भाऊंना लगेच कळलं. माणूस मूर्ख नव्हताच, दुर्दैवानं. सूचना बदलली, तर चूक कुणाची तेही साहेबांना कळणार. "पाहतो," म्हणाले. हात लावला नाही, तिलाही लावू दिला नाही.

शुक्रवारी मिलवाल्यांसमोर बिल्ड अडली. संध्याकाळी नंदिनी राजुऱ्याला गेली ती कायमची. भाऊंनी तिला बसस्टँडवर चहा पाजला, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

सोमवारी कुणी यायच्या आत भाऊंनी एक ओळ लिहिली: आधी दरांची फाइल, मग बाकीचं. त्यानंतर बिल्ड कधीच अडली नाही.

"पाह्यलं, खुशालभाऊ?" साहेब खूश होऊन म्हणाले. "पोरगी गेली अन् सगळं बरोबर चालून राह्यलं."

"हो ना, साहेब," भाऊ म्हणाले. "तुम्हाले पयलेच कळलं होतं."