पोळी-भाजीवाल्या काकूंचं इंग्रजी

ठाकुर्लीत आमच्या क्लासच्या खाली काकूंचं पोळी-भाजी केंद्र आहे. मी वर इंग्रजी शिकवतो, म्हणून डबा भरताना त्या रोज काहीतरी विचारतात. माझी क्लासमधली मुलंसुद्धा एवढं विचारत नाहीत.

"सर, 'जेवलास का?' कसं म्हणायचं?" त्यांच्या कॅनडातल्या नातवाला मराठी येत नाही.

"तिकडे असं विचारत नाहीत, काकू. 'हाउ आर यू' म्हणा."

मग पोळ्या लाटता लाटता त्या तेच घोकत राहिल्या.

काल माझ्यासमोरच व्हिडिओ कॉल आला. पिठाचे हात पदराला पुसून काकूंनी अगदी बिनचूक विचारलं. "फाइन," म्हणून नातू उठून गेला. काकू स्क्रीनवरच्या रिकाम्या सोफ्याकडे बघत राहिल्या.

"सर, जेवला की नाही ते कळलंच नाही हो."