घोडी एक, स्वार दोन

तबेल्यात दोन गोष्टी रोज साचतात, लीद आणि किस्से. लीद उचलायला माणूस ठेवलाय. किस्से तसेच पडून राहतात, म्हणून म्हटलं थोडे आपणच उचलावेत. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, घरात मी फारशी बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या माणसासमोर लोक बिनधास्त काहीही करतात.

तबेला कामठी रोडच्या आत, शेतांमध्ये. खेळ असा की आधी नकाशा पाहून घोड्यावरून रानातून ठरलेल्या वेगानं जायचं, वाटेत लपवलेल्या चौक्यांवर कार्डावर शिक्के घ्यायचे. मग मैदानातले अडथळे पार करायचे. माझा नवरा अमेय मिहानमधल्या एका कंपनीत दिवसभर खुर्चीवर बसतो. त्याला हे शिकायची हुक्की आली. मी सोबत म्हणून गेले, तर तिथे शिकवणाऱ्या सरांनी मलाही बसवलं. आमच्या वाट्याला घोडी एकच, चंदा. हिवाळ्यातल्या स्पर्धेला एका घोडीमागे एकच स्वार जाणार होता. मला जायचं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

*

अमेय आणि त्याचा मित्र निखिल, जो दाताचा डॉक्टर आहे, यांनी घोड्यावर बसायच्या आधीच हेल्मेट, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि चामड्याचे हातमोजे मागवले. बूट सैल व्हावेत म्हणून निखिल ते क्लिनिकमध्ये घालून बसायचा. एक पेशंट म्हणे त्या बुटांकडे बघून दात न काढताच निघून गेला.

पहिल्या दिवशी दोघं या थाटात उतरले. आमचे सर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोघांच्या हातात एकेक फावडं दिलं.

"बूट चांगले आहेत. लीद आत जाणार नाही."

*

चंदा आधी लग्नाच्या वरातीत होती. तिचा मालक धंदा सोडून गावी गेला, तेव्हा सरांनी ती घेतली. आमच्या खेळात एक परीक्षा असते: घोड्यानं जमेल तितकं सावकाश दौडायचं, पण दौड मोडून चालायला लागायचं नाही. भले भले घोडे त्यात भडकतात. चंदाला मात्र हा प्रकार अगदी घरचा.

अडचण एकच. ती दर विजेच्या खांबापाशी थांबते आणि पुढच्यांचं नाचून व्हायची वाट बघते.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा अमेयनं टाचा मारल्या, लगाम ओढला, चुचकारलं. चंदा ढिम्म. शेवटी निखिल आपल्या घोड्यावरून खाली उतरला, तिच्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून थोडा नाचला. ती समाधानानं पुढे निघाली.

सर म्हणाले, "डॉक्टर, स्पर्धेत तुम्हाला असं पुढे नाही पाठवता येणार."

*

नकाशाच्या फेरीत वेळेआधी पोचलं तरी मार्क कापतात. निखिलला एवढाच नियम पाठ झाला. सरावाच्या दिवशी तो पुढच्या चौकीवर लवकर पोचणार असं त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्यानं वाटेतल्या टपरीवर घोडा बांधला आणि तर्री-पोहे मागवले. चौकी नेमकी त्याच टपरीमागच्या चिंचेआड होती. सर झाडामागून सगळं बघत होते. दुसरी प्लेट आल्यावर ते समोर येऊन उभे राहिले.

"काय चाललंय डॉक्टर?"

"सर, वेळ घालवून राहिलो."

"ती पहिल्या प्लेटलाच संपली. आता मार्क घालवताय."

*

घोड्यावर बसूनच फाटक उघडायचं, पार व्हायचं आणि फाटकावरचा हात न सोडता बंद करायचं, हाही एक अडथळा. अमेयनं त्याचा सराव आमच्या धरमपेठेतल्या घराच्या गेटवर सुरू केला, स्कूटरवर बसून. संध्याकाळभर आत-बाहेर, आत-बाहेर.

शेजारचे काका बाल्कनीतून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "काहून गा अमेय, पाय दुखून राहिले का? उतरून उघड ना!"

तेवढ्यात गेट सुटलं, स्कूटर आडवी झाली, आणि अमेय तुळशीच्या कुंडीला मिठी मारून बसला.

सासूबाई धावत आल्या. कुंडी पाहिली, मुलगा पाहिला, मग मला पाहिलं. "लग्नाआधी असा नव्हता," म्हणाल्या.

*

सरांनी निवडीसाठी आम्हा दोघांची वेगवेगळी फेरी ठेवली. अमेय आधी गेला. दुसऱ्याच वळणावर रस्ता चुकला आणि हताश होऊन त्यानं लगाम सैल सोडला. चंदा शेतांमधून, बांधावरून, नाल्यातून त्याला थेट तबेल्यात घेऊन आली, चाऱ्यापाशी.

"सगळ्यात आधी मीच ना?" अमेयनं ऐटीत विचारलं.

सरांनी कार्ड पाहिलं. कोरं. "अमेय, घोडी पास झाली."

घरी मात्र अमेयची ही फेरी धरायची नाही असं ठरलं. आणि माझी जमली तर नवी सून स्पर्धेला घोड्यावर बसून परगावी जाणार, म्हणजे आत्यांना विचारायला हवं. आत्या म्हणजे सासऱ्यांच्या मोठ्या बहीण, वर्ध्याला असतात. त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे कूलरचीसुद्धा जागा बदलत नाही. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "मी येऊन पाहते." त्या आवाजावरून त्या नाहीच म्हणणार हे सगळ्यांना समजलं.

*

माझ्या फेरीच्या दिवशी आत्या वर्ध्याहून परस्पर मैदानावरच आल्या. तोवर रानातली फेरी संपवून, सगळे शिक्के घेऊन मी अडथळ्यांना लागले होते. उतरले असते तर बाद.

आत्यांचा आवाज मला घोड्यावर ऐकू येत होता. "सुमन, मी एवढ्या दुरून आली, अन् तुही सून खाली उतरून पाया पण नाही पडत?"

"पडेल हो, वन्सं," सासूबाई म्हणत होत्या. "आधी बसा तरी."

बसायला सावली पाहून त्यांनी खुर्च्या मांडल्या त्या नेमक्या शेवटच्या अडथळ्याशी. तिथे कडुनिंबाच्या तीन फांद्या ओळीनं आडव्या बांधलेल्या असतात. प्रत्येकीखालून घोड्याच्या मानेवर पार पालथं होऊन जायचं. फांदी हलली की मार्क गेले, घोडा थांबला तरी गेले.

पहिली फांदी आली. मी वाकले. समोर आत्यांचे पाय होते.

त्या खुर्चीत सावरून बसल्या. मग त्यांचा हात वर गेला. "सुखी राहा."

दुसऱ्या फांदीखाली पुन्हा वाकले, पहिल्यापेक्षा खाली.

"पुरे वं, पुरे. एकदा झाला ना नमस्कार."

मी तिसरीखालीही वाकले.

मागे सरांनी हात वर केला, एकही चूक नाही. आत्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या पदरानं डोळे टिपत होत्या.

"सुमन," त्या म्हणाल्या, "अमेयले घरीच ठेव. हिले पाठव."