उंच गेलेली दोरी

सराव पाठांच्या वहीवर एक सही राहिली होती म्हणून, जिथे ते पाठ घेतले होते त्या शाळेत परत गेले, तर दुसरीतली एक मुलगी मान मागे टाकून भिंतीकडे बघत उभी होती.

महिन्यापूर्वी त्याच भिंतीवर मी पुस्तकं टांगायला दोरी बांधली होती. डी.एड.च्या वहीत ‘माझा वर्ग’ या मथळ्याखाली मी एवढंच लिहिलं होतं, की गोष्टींची पुस्तकं मुलांचा हात पोचेल अशी टांगेन, आणि फाटली की चिकटवून पुन्हा टांगेन. वर्गाच्या बाईंनी ते वाचून माझ्या पाठीवर हात ठेवला होता. “आम्हालाही असंच वाटायचं गं,” म्हणाल्या होत्या.

आता दोरी फळ्याच्याही वर गेली होती. पुस्तकं कोरी करकरीत, तपासणीला साहेब आले की दाखवायला. मोठी माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. ती दुसऱ्याचं स्वप्न जपून ठेवतात, कुणाचा हात पोचणार नाही इतकं जपून.

मी स्टूल ओढलं तशी ती मुलगी मागे सरकली.

“नको ताई. हात लावायचा नाही म्हणून तुम्हीच सांगून गेलात ना? आमच्या बाई म्हणाल्या.”