काकणं वर गेली की

ती आधी काकणं वर सारायची. मनगटावरची हिरवी काकणं जोर लावून कोपराकडे ढकलायची. हात जाड, काकणं घट्ट, सरता सरत नसत. तेवढ्या वेळात शहाणा माणूस पळून जायचा. आम्ही बाजारातल्या बायका ओरडायचो, "पळ रे मेल्या, काकणं वर गेली!"

मी रत्नागिरीच्या बाजारात भाजी घेऊन बसायचे आणि शेजारी ती मासे घेऊन. ऐंशी सालाच्या पुढची ती वर्षं. देहानं ती केवढी होती म्हणून सांगू? ती बसली की माझी पाटी आपोआप वीतभर सरकायची. आणि आपल्या लोकांची खोड तुम्हाला ठाऊक आहेच. "काय गो, कुठल्या चक्कीचं पीठ खातेस?" असं विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला बांगडा गोड लागत नसे.

तिचं उत्तर ठरलेलं. "तुझ्या ताटातला खाल्ला काय मी?" आणि वाक्य पुरं व्हायच्या आत हात चाललेला असायचा.

एकदा एक तालेवार गिऱ्हाईक सुरमई चाचपत म्हणालं, "हिच्यापेक्षा तुझ्याच अंगावर मांस जास्त दिसतंय." शेजारी मुशी, म्हणजे लहान शार्क, पडली होती. मुशीची कातडी म्हणजे कानस हो! तिनं ती शेपटीला धरून अशी फिरवली, की त्याचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत खरवडून निघाला. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त ठिबकायला लागलं. वर ही विचारते, "आता कुणाचं मांस कमी झालं?"

एक रिक्षावाला बोलला, "मावशे, टायर बसंल." हिनं रस्त्याकडेचा जांभा दगड उचलला आणि समोरची काच फोडली. "घे, केली हलकी. चल आता." आणि त्याच रिक्षातून, काचा झाडून, घरी गेली.

आम्ही पोट धरून हसायचो. पण मी तिच्या अगदी लगत बसायचे ना, म्हणून मला आणखी एक दिसायचं. दुपारी भाकरी खाताना ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून, भिंतीकडे तोंड करून खायची. चोरी केल्यासारखी. मी म्हटलं, "कोण बघतंय गो तुला?"

"वैनी, माझा घास सगळी बघतात," ती म्हणाली.

नवरा मुंबईला. जवळ एकच मुलगी, आईच्याच वळणाची, गोल चेहऱ्याची, हसली की गालाला खळ्या. तिला जयगडच्या खाडीपलीकडे दिली होती. लग्नानंतर पहिल्या गौरीला पोर माहेरी आली, ती थेट बाजारात. समोरची कांदेवाली कौतुकानं म्हणाली, "अगो बाय, किती बारीक झालीस! छान दिसतेस हां. आईवर नाय गेलीस, ता बरा झाला."

आईचा हात उठला नाही. उलट हसली. तिला बरंच वाटलं असावं. लेकीला तरी कोणी बोलणार नाही.

मग ती पोरीला कोपऱ्यावरच्या कासाराकडे काकणं भरायला घेऊन गेली. हौसेनं मलाही ओढून नेलं. कासारानं आईच्या हाताकडे बघून मोठं माप काढलं. पोरीच्या हातात घातलं, तर काकण सरळ कोपरापर्यंत घसरलं. दुसरं माप काढलं, तेही घसरलं. तो बिचारा म्हणाला, "हिला शाळेतल्या पोरीचं माप लागंल." आणि माप बघायला त्यानं तिची बाही वर केली. दंडावर उलथन्याचे डाग होते. जुने काळे, नवे लाल.

"काय गो ह्या?" आईनं विचारलं.

"सासरची बोलतात, आयशीसारखी फुगशील. एकदाच जेव." पोर खाली बघत होती. "मी परत भात मागितला. ह्यांनी तापवलान उलथना."

आईनं हिरवी काकणं उचलली, कासाराला म्हटलं, "हिच्या मापाची दे." बस्स. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सण झाल्यावर जावई न्यायला आला, तोही बाजारातच. शिडशिडीत, नीटनेटका. पोरीचा हात धरून म्हणाला, "चल. खाल्लीस ना पोटभर?" पोर मागे सरली. त्यानं हिसका दिला. कचकन काकणं फुटली आणि तिच्या मनगटातून रक्त आलं.

तेव्हा आईनं काकणं सारली नाहीत. तेवढा वेळच घेतला नाही. त्याची मान धरली आणि तोंड बर्फाच्या टबात दाबलं. तो हातपाय झाडत होता. हाताला आलेली तराजूची दांडी त्यानं मागे मारली, तिचं कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. तरी ती सोडीना. वर काढून विचारलं, "तुझ्याच ताटातला खायचा होता ना रे तिनं? मग?" पुन्हा दाबलं. आम्ही चौघींनी ओढली तेव्हा सुटला. तोपर्यंत त्याच्या मनगटाचा सांधा तिच्या गुडघ्याखाली मोडला होता.

हवालदार आला. "एवढी मोठी बाई तू," म्हणाला, आणि तिच्या हाताकडे बघून घाईनं पुढे जोडलं, "म्हणजे वयानं." त्या रक्तातही ती हसली.

पोर परत गेली नाही. आईशेजारी बसून मासे कापायला शिकली. भिंतीकडे तोंड करून खाणंही त्या दिवसापासून बंद. दोघी बाजाराकडे तोंड करून, ऐसपैस, जेवायच्या.

काही वर्षांनी आईला पोटाचं दुखणं लागलं. मी बघायला गेले, तर खाटेवर बाई कुठे दिसेना, नुसती गोधडी. मी उशाशी बसले. तीच म्हणाली, "बोल वैनी. सगळी येऊन बोलतात, बारीक झालीस म्हणून."

मी म्हटलं, "छे! म्हैस ती म्हैसच दिसतेस."

तिचे डोळे चमकले. हात उचलला, दुसऱ्या हातानं काकणं सारायला गेली. सारायची गरजच नव्हती. ती आपसूक कोपरापर्यंत गेली. "तुझ्या ताटातला..." म्हणत तिनं मला फटका मारला. पाखरानं पंख मारावा तसा लागला. हात खाली आला तशी काकणं मनगटावरून सुटली आणि एक खाटेखाली घरंगळलं.

लेकीनं वाकून ते काढलं. पुसलं, आणि सहज आपल्या हातात घालायला गेली. आईचं ते मोठं माप बोटांच्या पेरांपाशीच अडकलं. तिनं जोर केला, पुढे जाईना.

आई उशीवरून बघत होती. "नाय जायचा," ती म्हणाली. इतक्या समाधानानं, की मी तोंड फिरवलं.